भिंतीला घाम फुटेना

धाकट्या सुनेची एक खोड लाँड्रीवाल्या मोठ्या बाईंच्या डोक्यात जायची. काही सांगायचं असलं की ही बया सरळ समोर येऊन सांगणार नाही. आधी मांजरासारखा वळसा घालणार, टेबलाला, गाठोड्यांना, वेळ पडली तर धगधगत्या भट्टीलासुद्धा, आणि मग बाईंच्या डाव्या खांद्याशी येऊन तोंड उघडणार. "सरळ चालायला काय होतं गं? खेकड्यांच्या घरची आहेस का?" असं बाईंनी तिला किती वेळा झाडलं होतं. ती मान खाली घालायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा डावीकडूनच यायची.

आता त्यात ही नवी तऱ्हा. हातातली इस्त्री उभी करून ठेवायची, आणि भिंतीला कान लावून उभं राहायचं. गिऱ्हाईक दारात, चादरींचा ढीग छातीएवढा, आणि बाईसाहेब भिंतीशी कानगोष्टी करतायत.

"भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं," बाई इस्त्रीवाल्या बायकांना म्हणाल्या, "पण कानाला भिंत लागलेली मी पहिल्यांदाच बघतेय."

जाडी आणि बारकी, दोघी इस्त्रीवाल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. सून हसली नाही. तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा पडला होता.

ती या घरात आली तीच बिचकत. भट्टीचं झाकण वाजलं की दचकायची, वाऱ्याने दार आपटलं की पोरीला उचलून पोटाशी धरायची. पाठीवर पान पडलं तर आभाळ पडलं म्हणून रानभर धावत सुटणारा ससा बाईंना आठवला आणि त्यांनी तिचं नाव ठेवलं, ससूबाई. नाव घरभर चिकटलं. एक सासूबाई, एक ससूबाई! कुणी हसलं की बाई बोट वर करून सांगायच्या, "दोघींत एका कान्याचा फरक आहे म्हटलं. तो काना मिळवायला जन्म जातो." बाईंची शाळा कान्यापर्यंतच झाली होती. वेलांटी यायच्या आत घरच्यांनी त्यांना धुण्याच्या हौदावर उभं केलं. त्यामुळे काना ही बाईंची सगळी विद्या, आणि तिचा तोरा पंडिताला लाजवेल असा.

लाँड्री समुद्राला पाठ लावून उभी होती. खाली भट्टी, हौद आणि इस्त्रीची लांब खोली, वर घर. इमारत मूळची कुणा व्यापाऱ्याने माल ठेवायला बांधलेली. दगड आणि चुना, तिसरं काही नाही. समुद्राकडची भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन बसावं. बाईंचे सासरे सांगायचे, हा चुना बैलाच्या घाण्यात मळून मळून लोण्यासारखा केला होता, म्हणून तर तो दगडाहून टणक झाला. खरंच होतं ते. थोरल्या मुलाने एकदा कॅलेंडर टांगायला त्या भिंतीत खिळा ठोकला, तर खिळाच वाकला. दुसराही वाकला. शेवटी कॅलेंडर दाराला लटकलं.

त्या भिंतीला घाम यायचा. रोज सकाळी बाई तिच्यावर पालथा तळवा ठेवायच्या. ओला लागला तर आज चादरी वाळायच्या नाहीत, भट्टी लवकर पेटवा. कोरडा लागला तर आज सूर्य मेहेरबान. पावसाळा सरला की भिंतीवर मीठ फुलून यायचं, पिठासारखं भुरभुरीत. ते ब्रशने झाडायचं आणि वरून चुन्याचा हात द्यायचा, की वर्षाची चिंता मिटली. बाईंच्या सासूने तेच केलं, बाईंनी तेच केलं.

पण ते पीठ चादरींवर पडायचं. समुद्रकाठच्या हॉटेलवाल्याने एकदा अख्खी गाठोडी परत पाठवली. तेव्हा थोरल्याने मनावर घेतलं. चारही भिंतींना आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर चकचकीत ऑइलपेंट मारला. "आई," तो म्हणाला, "आता आपल्या घरात कुणी कुणाला चुना लावणार नाही!" बाई पोट धरून हसल्या होत्या. भिंत अशी झाली की तिच्यात बघून भांग पाडावा. पीठ बंद, डाग बंद. हॉटेलवाला स्वतः येऊन भिंतीवर हात फिरवून गेला.

तेव्हापासून भिंतीला घाम आला नाही. हवेत इतका दमटपणा की मिठाच्या बरणीत पाणी सुटावं, पण भिंत कोरडी ठाक. सगळे वाहवा करत होते आणि बाईही करत होत्या. फक्त सकाळी तळवा ठेवला की त्या तो उचलून पुन्हा ठेवून बघायच्या. तापाने फणफणलेल्या माणसाला घाम फुटेनासा झाला की घरातली माणसं काही न बोलता एकमेकांकडे बघतात. तसं काहीतरी वाटायचं. पण सांगणार कुणाला, आणि सांगायचं तरी काय? कोरडी भिंत बघून मला भीती वाटते? मग ससूबाई नाव कुणाचं ठेवावं लागलं असतं!

त्या दिवशी सकाळपासून समुद्राकडून वारा सुटला होता. लाटा मागच्या बांधावर आपटत होत्या आणि खिडकीच्या काचेवर खारट तुषार उडत होते. धाकटा मुलगा टेम्पो घेऊन गाठोडी पोचवायला गेला होता. थोरला भट्टीवर. त्याची बायको माहेरी. धाकटीची पोर जाडीच्या इस्त्रीच्या टेबलाखाली, गरम चादरींच्या गाठोड्यावर झोपली होती. सगळी टेबलं भिंतीला लागूनच होती.

सून डावीकडून आली. "सासूबाई, पोरीला मी वर नेऊन निजवते."

"का? इथे काय वाघ आहे?"

"आत कुणीतरी तांदूळ ओततंय असा आवाज येतोय. भिंतीच्या आत. थांबतो, मग पुन्हा सुरू होतो."

"तांदूळ!" बाई म्हणाल्या. "मग पातेलं लाव ना खाली. फुकटचं मिळतंय तर सोडू नको."

जाडी फिदीफिदी हसली. बारकी मात्र हसता हसता थांबली. "मोठ्या बाई, आवाज मलाही येतो बरं का. मला वाटलं उंदीर असतील."

थोरला घाम पुसत आला. त्याने मुठीने भिंत ठोकली, इथे एकदा, तिथे एकदा. "सिमेंट आहे हे, ससूबाई. बंदूक चालवली तरी ढिम्म हलायचं नाही."

"भाऊजी, इथे ठोकून बघा," सून म्हणाली, आणि लाकडी हँगर उलटा धरून टेबलाच्या वर ठोकलं. मग दाराजवळ ठोकलं. "दाराजवळ भरलेल्या पिपासारखा आवाज आहे. इथे रिकाम्या डब्यासारखा."

बाईंनी मान वाकडी करून ऐकलं. दोन्ही ठिकाणी त्यांना सारखंच काहीतरी ठप वाजलं. दूरचं, कापसात गुंडाळलेलं.

"काही फरक नाही," त्या ठसक्यात म्हणाल्या.

सुनेने आपलं टेबल, वायरसकट, फरफटत खोलीच्या मधोमध आणलं. मग जाडीच्या टेबलाखाली वाकून पोरीला उचलायला गेली. बाईंनी तिचा हात धरला.

"पोर तिथेच झोपेल. ऊब आहे तिथे. तुझी भीती तुझ्यापाशी ठेव, तिला पाजू नकोस."

हे सगळ्यांसमोर झालं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सासूचा शब्द खाली पाडायची रीत त्या घरात नव्हती. तेवढ्यात बाजूच्या अंगणात वाऱ्याने दोरीवरच्या चादरी सुटून उडायला लागल्या. जाडी, बारकी आणि सून, तिघी धावल्या. थोरला भट्टीकडे वळला. इस्त्रीच्या खोलीत बाई राहिल्या, झोपलेली पोर राहिली, आणि ती भिंत.

बाईंनी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. त्या भिंतीशी गेल्या आणि त्यांनी उजवा कान चकचकीत रंगावर टेकवला.

काही नाही. तांदूळ नाहीत, उंदीर नाहीत. पलीकडे एवढा समुद्र खवळलाय, त्याचीही गाज नाही. बाईंना लख्ख कळलं. भिंत मुकी झालेली नव्हती. तो कान मेला होता. कधीपासून? भट्टीची शिट्टी अलीकडे बारीक वाजते म्हणून त्यांनी थोरल्याला शिव्या घातल्या होत्या. शिट्टी तीच होती.

रोजच्या सवयीने त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. आणि तळव्याला कळलं. रंगाच्या आत, गिलाव्याच्या आत, काहीतरी सरकत होतं. झोपलेल्या जनावराच्या कातडीवरून शहारा जावा तसं. थांबायचं. पुन्हा जायचं.

बाई खाली बसल्या. गिलावा फरशीला टेकतो तिथे केसाएवढी चीर होती, आणि चिरीपुढे पिवळट रेतीची बारीक रेघ. ही रेघ त्यांना नवी नव्हती. रोज सकाळी झाडताना दिसायची, आणि मुंग्यांनी काढली असेल म्हणून त्या केरात लोटायच्या. आज त्यांनी चिमूट उचलली, बोटात चोळली. पीठ झालं. जिभेवर ठेवलं. मीठ. नुसतं मीठ आणि वाळू.

कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं दाभण त्यांनी काढलं, गाठोडी शिवायचं, जाडजूड. चिरीत टोक लावलं आणि दाबलं. आता अडेल, त्या मनाशी म्हणाल्या. खिळे वाकवणारी भिंत आहे ही. आता अडेल.

दाभण अडलं नाही. दह्यात बोट जावं तसं ते नेढ्यापर्यंत आत गेलं.

बाईंनी ते ओढून काढलं, आणि त्याच्यामागून रेती आली. उंदराने पोतं कुरतडावं आणि धान्याची धार लागावी तशी. फरशीवर टोपीएवढा ढीग झाला, तरी धार थांबेना. बाईंनी भोकावर अंगठा दाबला.

अंगठ्याखाली भिंत थरथरत होती. तेव्हा त्यांना सगळं एकदम उमगलं, फारसं न शिकलेल्या माणसाला उमगतं तसं, अंगातून. भिंत घामावाटे समुद्र बाहेर टाकत होती. मीठ फुलायचं तो रोग नव्हता, रोगाचा निचरा होता. आपण तिची रंध्रं बुजवली. पाणी कुठूनतरी आत यायचं ते येतच राहिलं, वरून, खालून, पण बाहेर पडायची वाट मिळेना. मीठ आतच फुललं, आतच फुगलं आणि दगड धरून ठेवणाऱ्या चुन्याला कणाकणाने खात गेलं. आता दगड एकमेकांवर नुसते ठेवलेले. वरून चकाचक. आणि त्या भिंतीच्या कुशीत पोर झोपलेली, आपणच झोपवलेली.

पोर हाताच्या अंतरावर होती. अंगठा काढला तर धार सुटेल. नाही काढला तर पोर कशी घ्यायची? बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. ज्यांची हाक चौकापर्यंत जायची त्या बाईंच्या घशातून नुसती हवा निघाली. "ससू..." एवढंच, तेही त्यांचं त्यांना ऐकू आलं नाही. वरच्या बाजूला, टेबलाच्या उंचीवर, रंगावर एक रेघ उमटली. मग रेघ वळली. भिंतीचं पोट हळूहळू पुढे येत होतं, दिवस भरलेल्या बाईसारखं.

बाईंना भीती कशी असते ते आठवत नव्हतं इतकी वर्षं झाली होती. आज आठवलं.

डाव्या कानाशी श्वास लागला. "सासूबाई, हळू. ओरडू नका. मी पोरीला घेते."

सून टेबलाखाली सापासारखी सरपटत गेली आणि पोरीला, तिच्या चादरीसकट, छातीशी धरून बाहेर आली. थरथरत होती, दात वाजत होते तिचे. पण हात मात्र चुकले नाहीत.

"चला."

"अंगठा काढला तर..."

"अंगठ्याने भिंत थांबत नसते, सासूबाई. चला."

बाई उठल्या. दारात थोरला उभा होता, हातात कोळशाचं फावडं. "काय चाललंय? भिंतीला काय झालं?" आणि स्वभावाप्रमाणे, ठोकून बघायला, मूठ वळून पुढे आला.

मग बाईंचा आवाज परत आला. सगळाच्या सगळा.

"हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील! पळा! पळा, भिंत पडली!"

अंगणातून ओल्या चादरी घेऊन येणारी जाडी दारातच खदखदून हसली. सासूबाईंच्या तोंडी सशाचं वाक्य! पण बाईंचा चेहरा दिसला आणि हातातल्या चादरी टाकून तीही वळली. सगळे धावले. थोरल्याने जाता जाता भट्टीचं झाकण बंद केलं. बाई शेवटच्या बाहेर आल्या, सुनेने त्यांचा हात धरून ओढलं म्हणून.

रस्त्यावर पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं. उघड्या दारातून ती भिंत अजून दिसत होती, गुळगुळीत, देखणी. क्षणभर बाईंना वाटलं, आपण हसं करून घेतलं. तेवढ्यात रंगाचा अख्खा पत्रा एका तुकड्यात पुढे झुकला, कपाटाचं दार उघडावं तसा, आणि त्याच्यामागे भिंत नव्हतीच. दगड होते आणि दगडांमधून वाहणारी रेती. ते सगळं एकदम खाली बसलं. जमीन हादरली. धूळ दारातून रस्त्यावर आली, आणि धूळ खाली बसली तेव्हा इस्त्रीच्या खोलीच्या पलीकडे उघडा समुद्र दिसत होता. वरचं घर एका कोपऱ्याने लोंबकळत होतं. भिंतीलगतची टेबलं दगडांखाली गेली होती. एकच टेबल उभं होतं, खोलीच्या मधोमध, आणि त्याच्यावर अर्धी घडी घातलेली चादर.

बारकी रडत होती. शेजारपाजारची माणसं धावत आली, दारातून आत डोकावली आणि मागे सरली.

थोरला फावडं हातात धरून तसाच उभा होता. शेवटी म्हणाला, "गिलावा बघ आई. फुटला नाहीये. अख्खा आहे अजून."

"हो," बाई म्हणाल्या. "कातडी शाबूत आहे. माणूस तेवढा गेला."

"तू दाभण खुपसलंस म्हणून तर..."

"दाभणाने भिंती पडायला लागल्या तर जगातली गाठोडी शिवायची कुणी, सोन्या? उरलेल्या तीन भिंतींचा तो रंग आजच्या आज खरवडायचा. गिलावासुद्धा. आणि त्या ओल्या दिसल्या, घाणेरड्या दिसल्या, तरी कुणी नाक मुरडायचं नाही. चुन्याचा हात मी देईन. हॉटेलवाल्याला डाग चालत नसतील तर त्याने आपल्या चादरी समुद्रात धुवाव्यात."

आवाज खणखणीत होता, पण हातांची थरथर थांबत नव्हती. ती लपवायला बाईंनी हात पदरात गुंडाळले.

सून उजवीकडे उभी होती. पोर जागी होऊन तिच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत होती. सुनेचे ओठ हलले. बाईंना दिसलं, ऐकू काहीच आलं नाही. बाई नुसत्या बघत राहिल्या. तशी सून, काही न दाखवता, पोरीला घेऊन त्यांच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या खांद्याशी आली.

"लागलं नाही ना कुठे, सासूबाई?"

बाईंनी डोळे मिटले. टेबलाला वळसा, गाठोड्यांना वळसा, भट्टीला वळसा. चटके खाऊन घातलेले वळसे. जे बाईंना स्वतःला माहीत नव्हतं ते या सुनेला कधीपासून माहीत होतं. आणि खेकड्यांच्या घरची म्हणवून घेतलं तिने, पण चार माणसांत कधी सासूची मान खाली जाऊ दिली नाही.

भोवती गर्दी होती. जाडी होती, बारकी होती, शेजारी होते, थोरला होता. बाईंनी पदरातून हात बाहेर काढले. थरथरत होते, तसेच काढले. सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्यासमोर आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"ऐक ससूबाई. तुझ्यात काना कमी आहे असं मी गावभर सांगत फिरले. कमी माझ्यात होता, कान. उजवा. झालं? आता तुझा काना मी तुला दिला, आणि भित्री आहेस तीच राहा, धीटपणा शिकायला जाऊ नकोस. पण आजपासून ते वळसे बंद. समोरून यायचं आणि मोठ्याने बोलायचं. भीती वाटली, तर आणखी मोठ्याने."